कोंबडीचा प्रवासखर्च

कोंबडीने किती प्रवास करावा, या प्रश्नापायी झोप घालवून बसलेला माणूस सबंध मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. देवाने साडू निवडायची सोय ठेवलेली नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिची थोरली बहीण आधीच दिलेली होती, आणि हे गृहस्थ जावई म्हणून घरात स्थिरावले होते. त्या वेळी ते बसवर ड्रायव्हर होते. कुठली गाडी किती डिझेल पिते, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी टेंभुर्णीला शेतात कोंबड्यांचे शेड टाकले, पण कान मात्र ड्रायव्हरचेच राहिले. इतरांना कोंबडी ऐकू येते. यांना तिच्यामागचा ट्रक ऐकू यायचा.

एकदा ते जालन्याला आमच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी बायकोने ऑम्लेट पुढे ठेवले. त्यांनी ताटलीला हात लावला नाही.

"अंडं कुठलं?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातलं, दाजी."

"दुकानात कुठून आल्तं?"

हे तिला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. साडूभाऊ चप्पल घालून खाली गेले, दुकानदाराशी बराच वेळ बोलले आणि गंभीर चेहऱ्याने परतले. अंडे हैदराबादेकडून आले होते. "मी आयुष्यात हैदराबाद पाह्यलं न्हाई," ते म्हणाले, "अन् हे अंडं, ज्याला अजून पाय फुटले न्हाईत, ते तिथून इथवर येऊन राह्यलं." आता हे खाणार नाहीत, असे वाटून बायकोने ताटली उचलली, तर त्यांनी ती धरून ठेवली. "आलंय तर खातो. वापस पाठवायचं म्हणजे आणखी डिझेल."

मक्याचे तर त्यांना फारच लागले होते. त्यांच्या भागात मका चिक्कार. तो ट्रकमध्ये बसून परमुलखात जायचा, तिथे त्याचे खाद्य व्हायचे, आणि तेच पोत्यात भरून पुन्हा यांच्या शेडच्या दाराशी यायचे. "पाव्हणे, ज्या वावरातून मका गेला ते माझ्या शेडमधून दिसतं," ते म्हणायचे. "मला हाक मारली असती तर मी घमेल्यानं आणला असता." एवढे बोलून थांबणारा माणूस शहाणा, साडूभाऊ थांबले नाहीत. त्यांनी कंपनीची पिल्ले घेणे बंद केले, कंपनीचे खाद्य बंद केले, गावरान कोंबड्या आणल्या आणि मका गावातल्याच चक्कीवर भरडून घेऊ लागले. पुढे कित्येक दिवस त्या चक्कीवर दळलेल्या पिठाच्या भाकरी पिवळ्या होत होत्या, आणि शेजारणी आक्कांशी बोलत नव्हत्या. आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी.

मग अंडी विकायला ते स्वतःच मोटारसायकलवर निघाले. एक ट्रे मागे बांधायचा आणि गावोगाव फिरायचे. लोकांना अंड्यांबरोबर दुरून ट्रकने येणाऱ्या कोंबडीच्या धुरावर व्याख्यान मोफत मिळायचे, त्यामुळे अंडी हळूहळू खपायची. एके दिवशी आक्का दारातच उभ्या राहिल्या.

"त्या ट्रकात एका टायमाला किती अंडी येत असतील हो?"

"लई. मोजता न्हाई येणार."

"अन् तुमच्या गाडीवर एक ट्रे. मंग एका अंड्यामागं जास्त धूर कोन करून राह्यलं? तो ट्रकवाला का तुम्ही?"

साडूभाऊंनी चावी खिळ्याला अडकवली. दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अंडी फक्त शेतापर्यंत पायी येणाऱ्याला मिळू लागली. पायी येणारे फार थोडे होते. ते दिवस त्या घराने अंड्यांवर काढले.

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मनीषाला, शहागडचे स्थळ आले. माणसे चांगली होती, मुलगा निर्व्यसनी होता, मनीषाला तो मनापासून आवडला होता. अडचण एकच. त्यांचा धंदा कोंबड्या वाहून नेण्याच्या गाड्यांचा. आक्कांनी आम्हा सगळ्यांना बजावले, की मुलगा 'ट्रान्सपोर्ट'मध्ये आहे, एवढेच बोलायचे. आम्ही तेवढेच बोललो. पण शहागडला त्यांच्या अंगणात जीप थांबली, तर समोरच रिकाम्या पिंजऱ्यांचा ट्रक उभा. वाऱ्यावर एक पांढरे पीस उडत आले आणि साडूभाऊंच्या टोपीवर बसले. ते झटकायचे धाडस कोणी केले नाही.

जेवायला कोंबडीचा रस्सा होता. साडूभाऊंनी पहिला घास घेतला आणि विचारले, "ही गाडी जाते कुठवर?"

"संभाजीनगर. कधी हैदराबाद," मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले.

"अन् येताना?"

"येताना रिकामी. कोंबड्यांच्या पिंजऱ्यात दुसरं काय भरणार?"

आक्कांचा हात भाकरीवरच थबकला. दाराआड मनीषाच्या होणाऱ्या सासूबाईंबरोबर माझी बायको उभी होती, तिने डोळे मिटले. साडूभाऊ म्हणाले, "मंग जाताना तरी ठासून भरत असाल?"

उत्तर दिले ते मुलाने. "न्हाई. बाबा भरायचे. मी कमी भरतो. अन् उन्हाळ्यात पहाटंच काढतो गाडी."

"म्हणजे खेपा वाढतात."

"वाढतात."

"डिझेल जास्त जातं."

"जातं. पण दाटीनं अन् उन्हानं कोंबडी वाटंत मेली, तर तिनं खाल्लेला दाणाबी गेला अन् तिला नेलेलं डिझेलबी गेलं. मंग तिला वाढवलं तरी कशाला?"

साडूभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. चक्कीवाल्याला, दुकानदाराला, मला आणि आक्कांना त्यांनी वर्षानुवर्षे ऐकवले होते. पण या बाबतीत त्यांना कोणी काही ऐकवू शकेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांनी वाटी पुढे केली.

"रस्सा वाढा," ते म्हणाले. सोयरीक जमली.

लग्न टेंभुर्णीला झाले. पाठवणीच्या वेळी मनीषा रडली, आक्का रडल्या, मी रडलो. साडूभाऊ तेवढे वऱ्हाडाच्या गाडीच्या टायरमधली हवा बघत फिरत होते. सगळ्या चाकांची हवा त्यांनी तीन-तीनदा बघितली. शेवटी आक्कांनी हाताला धरून बाजूला घेतले, तेव्हा गाडी निघू शकली.

परवा ते मला जालन्याच्या बसस्टँडवर दिसले. मांडीवर टोपली, तिच्यावर फडके, आणि फडक्यातून एका तांबड्या कोंबडीची मान बाहेर आलेली. शहागडला चालले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मनीषाच्या हातनं वाढलेली हाये ही. ती गेल्यापासून अंडंच देईना. जीव लागत नसंल आमच्याकडं. म्हणलं, नेऊन सोडावी तिच्यापाशी."

बस लागली. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली आणि कोंबडीला ऊन लागू नये म्हणून फडके सारखे केले. गाडी हलली तेव्हा मी हात केला. त्यांनी केला नाही. त्यांचे दोन्ही हात टोपलीवर होते.

घरी येऊन मी आक्कांना फोन लावला. कोंबडीची विचारपूस केली.

"ती तांबडी?" आक्का म्हणाल्या. "आज सकाळीच तर अंडं दिलं तिनं." मग जराशा थांबल्या. "तुम्ही त्यांना काही बोलू नका, भाऊजी. येऊ द्या पोरीला भेटून."