त्रिवेणीनं मोडलेली उतरंड

"घरात बोलला ना त्यो? मग घरातच राहू द्या की, भगवंतकाका. मपलं नाव काई घरात गेलं नव्हतं. भरल्या हॉलात गेलं होतं."

"अगं माय, बोलला तर खरं. हिम्मतरावाच्या सोफ्यावर बसून, कप हातात घेऊन, खालमानेनं म्हनला, चूक मपली होती."

"चहा पिऊन म्हनला का पियाच्या आधी?"

"आता दिला तर प्यावा लागतो की."

"मग कायकू माफी म्हन्ता तिला? पाहुणचार झाला त्याचा."

काचीगुड्याला स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हे बोलणं चाललं होतं. भगवंतराव म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन राहिलेल्या घरांमधली लग्नं जुळवणं आणि भांडणं मिटवणं हा त्यांचा उद्योग. ज्याच्यासाठी ते जिना चढून आले होते तो कुलदीप म्हणजे त्रिवेणीच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. त्याला निजामाबादची एक सोयरीक आली होती. पण मुलीकडच्यांच्या कानावर काहीबाही गेलं होतं, आणि मंडळाची साइट चालवणारी मुलगी म्हणून ते त्रिवेणीलाच विचारणार होते. तिनं "मुलगा बरा हाय" एवढं म्हटलं की बास.

त्रिवेणी म्हणत नव्हती.

तिचे वडील मुखेडकडचे. त्या बाजूच्या माणसाला निजामाच्या काळापासून शहर म्हटलं की हैदराबादच. शेत भावाच्या हवाली करून ते बसच्या डेपोत नोकरीला लागले आणि गौलीगुड्यात खोली करून राहिले. पोरगी तिथंच वाढली. भाव उर्दूत करायची, भाजीवालीशी तेलुगूत भांडायची, आणि खरोखर संतापली की मुखेडची मराठी काढायची. शिक्षण संपल्यावर अफझलगंजच्या छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका लावायला बसली. हात चांगला बसला होता, तेव्हा कुलदीप आला. म्हणाला, "पत्रिका काय लावायलीस तिरवेनी, आता वेबसाइटी लावू. अर्धं तुपलं, अर्धं मपलं."

तो काळच तसा होता. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारती उठत होत्या, आणि या टोकाला मिठाईवाल्यालासुद्धा आपली वेबसाइट पाहिजे होती. घरच्यांनाही बरंच वाटलं. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा एका दुकानात बसले की आमच्याकडची म्हातारी माणसं मांडवाची जागा शोधायला लागतात.

पहिलं मोठं काम मंडळाचं आलं, वधू-वरांची साइट. ते त्रिवेणीनं एकटीनं केलं, तेव्हाच्या रीतीनं. माउसनं ओढून पानावर एक मोठं टेबल मांडायचं. डाव्या रकान्यात फोटो एकाखाली एक, उजव्या रकान्यात नाव, वय, गाव एकाखाली एक. समोरासमोर येतात, दिसायला झकास.

पण आपली माणसं आपलीच असतात. मुलाचा फोटो गळ्यात टाय घालून देतात, आणि मुलीचा मागितला की बाप मिशीवर हात फिरवतो: आमची पोरगी काय बाजारात मांडायची हाय? घरी या, पोहे खा, बघा. तेव्हा ज्या मुलीचा फोटो नाही तिच्यापुढं त्रिवेणीनं एक कोरं चित्र ठेवलं होतं, बाकीच्या फोटोंच्याच मापाचं. डोळ्याला दिसत नाही, पण जागा धरून ठेवतं.

ती चुलतबहिणीच्या लग्नाला गावाकडं गेली, आणि इकडं कुलदीपला साफसफाईची हुक्की आली. पान उघडायला वेळ लागतो म्हणून त्यानं आत पाहिलं, तर ही कोरी चित्रं. कशाला पाहिजेत? टाकली काढून. खालचे सगळे फोटो एकेक पायरी वर सरकले. उतरंडीतलं मधलं मडकं ओढलं तर वरची जागेवर राहतात थोडीच.

हिम्मतरावांनी आपल्या लेकीचा, रेणूचा फोटो दिलेला नव्हता. आता रेणूच्या नावासमोर खालच्या मुलीचा फोटो येऊन बसला: गोरी, चष्मेवाली, हसरी. तो फोटो बघून आदिलाबादची मंडळी गाडी करून आली. रेणू ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाची आई तिच्याकडं बघून म्हणाली, "ही कोन? आमी पाहायला आलाव ती कुठं हाय?"

रेणूनं ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि आत गेली.

हिम्मतरावांनी मंडळाच्या बैठकीत हॉल डोक्यावर घेतला. मुलगी बदलून दाखवतात म्हणून त्यांचं नाव आदिलाबादपर्यंत गेलं होतं. कुलदीप उठला आणि शांतपणे म्हणाला, "पान तिरवेनीनं बांधलंय. कच्चं ऱ्हायलं असंल." एवढंच. बसला.

त्रिवेणी मागच्या रांगेत आईशेजारी होती. बाहेर पायरीवर तिनं त्याला गाठलं.

"कोरी चित्रं कोनी काढून टाकली?"

"अगं, तू घरची हाईस. घरच्याचं नाव घेतलं तर बिघडलं काय? परक्याचं घेतलं असतं तर भांडण झालं असतं."

"सकाळपर्यंत मी भागीदार होते. आता घरची झाले का?"

त्या दिवसापासून हिम्मतरावांच्या बायकोनं त्रिवेणीच्या आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. सणाच्या दिवशी घडी घातलेलं लुगडं आईनं परत पेटीत ठेवलं, तेवढं त्रिवेणीनं बघितलं. दुकान सोडून तिनं ही खोली घेतली आणि जिना चढतानाच ठरवून टाकलं: याच पानावर याला पालथा पाडायचा.

नुसतं कोरं चित्र परत ठेवलं असतं तर पान दुरुस्त झालं असतं. पण टेकू देऊन उभं केलेलं घर कुणीही टेकू काढून पाडतं, हे तिला कळलं होतं. तिला टेकूच नको होते. तेव्हा परदेशातली काही माणसं नवी रीत शिकवत होती, धडे इंटरनेटवर फुकट होते. टेबल मोडा, ओढायचं सॉफ्टवेअर बंद करा, साध्या नोटपॅडमध्ये हातानं लिहा. काय आहे ते एका फाइलीत, कसं दिसावं ते दुसऱ्या फाइलीत. इंग्रजी तिचं कामापुरतं. खालच्या दुकानातून धड्यांच्या प्रती काढून तिनं भिंतीवर चिकटवल्या, आणि सरावाला घेतलं ते मंडळाचंच पान. एक टेबल मोडलं की म्हणायची, "ही कुलदीपची उजवी तंगडी." दुसरं मोडलं की डावी.

सोपं गेलं नाही. फोटोशेजारी माहितीची चौकट उभी करावी, तर ती धपकन खाली पडायची. एका ब्राउझरमध्ये नीट, दुसऱ्यात जमीनदोस्त. धडा परतपरत वाचल्यावर उलगडलं, की चौकटीची रुंदी सांगितली तरी आतली मोकळी जागा आणि काठ त्यात वेगळे मिळवावे लागतात. बैल मावेल एवढं दार केलं आणि शिंगं धरलीच नाहीत, असं झालं होतं. शिंगं धरली, तसं पान उभं राहिलं. आता एकेका मुलीचं नाव, माहिती आणि फोटो एकाच चौकटीत होतं. फोटो नसला तर चौकट तेवढी जागा मोकळी ठेवायची. शेजारणीला त्याचं काही नाही. शिंक्यातलं मडकं काढलं तर शेजारचं शिंकं हलत नाही, तसं.

मग ती एकनाथरावांकडं गेली. हे बिजवर, दुसऱ्या लग्नाला उभे, वय बावन्न, दोन मुलं, बोलायला मोकळे. वरांच्या यादीत त्यांच्या खालीच कुलदीपचं नाव होतं. दोघांत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक.

पुढच्या बैठकीला संगणक रिक्षात घालून त्रिवेणी हॉलात आली. आधी कुलदीपकडचं चालू पान हॉलातल्या मोठ्या पडद्यावर उघडलं.

"एकनाथराव, तुमचा फोटो पानावरून काढून टाकू का?"

"टाक माय. तसंबी त्या फोटोत मला कोन पसंद करायलंय?"

तिनं फोटो काढून टाकला. कुलदीपचा हसरा, टायवाला फोटो वर सरकून उभा राहिला: बिजवर, वय बावन्न, दोन मुलं.

आधी मागची पोरं हसली, मग बायका. एकनाथराव उठून पडद्याजवळ गेले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "कुलदीपराव, लेकरं संबाळा बरं का. धाकट्याला दूध चालत न्हाई." मग हिम्मतरावसुद्धा हसले.

त्रिवेणी हसली नाही. तिनं आपलं पान उघडलं, तिथंही एकनाथरावांचा फोटो काढून टाकला. दुसरा एकही फोटो हलला नाही. काम त्याच बैठकीत तिच्याकडं आलं. पण तिला जे पाहिजे होतं ते आलं नाही. कुलदीप उठून म्हणाला, "मशिनीचा दोष हाय," आणि निघून गेला. लोकांना गंमत पुरली. आईला बोलावणं काही आलं नाही. आणि कुलदीपला तेव्हापासून सगळं काचीगुडा बिजवर म्हणायला लागलं. निजामाबादेत पोचलं होतं ते हेच.

"आता किती ताणशील?" भगवंतराव म्हणाले. "पोराचं लग्न आडलंय. आत्या रडायलीय तुपली."

"मपली आई रडली न्हाई म्हनून कुनाला दिसलं न्हाई का?"

भगवंतराव भिंतीवरच्या इंग्रजी कागदांकडं बघत बसले. मग म्हणाले, "मंडळाच्या मेळाव्यात बोलला तर?"

"कुठं?"

"हॉलात. सगळ्यांपुढं. कोरी चित्रं म्या काढून टाकली, नाव तिचं घेतलं."

"हिम्मतरावाच्या मालकीनबाई पुढच्या रांगेत पायजेत. आन मपली आई त्यांच्या शेजारी."

"बसवतो."

"मग बोलू द्या. माईक मी धरते, हात थरथरला त्याचा तर."

"आन निजामाबादचे?"

"त्यांना त्याच मेळाव्याला बोलवा. ऐकतील. त्याउप्पर त्यांनी इच्यारलं तर सांगंन, पोरगा चुकतो, पन भरल्या हॉलात कबूल करतो. खोटं न्हाई बोलनार मी त्याच्यासाठी."

भगवंतरावांनी कपाळाला हात लावला. सोयऱ्यांच्या देखतच कबुली द्यायची म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण दुसरी वाट नव्हती. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि जिन्याकडं निघाले.

"काका, चहा?"

"नक्को माय. आता हॉलातच पिऊ."

त्रिवेणीनं खुर्ची वळवली. अफझलगंजच्या एका मिठाईवाल्याचं पान अर्धं लिहून पडलं होतं. बालूशाहीची चौकट जिलेबीखाली घसरली होती. तिनं काठाची रुंदी वजा केली आणि पान परत उघडून बघितलं.