शेतकरी क्रमांक सात

आमच्या बुऱ्हाणपूरच्या साहित्य मंडळात पाच सभासद आहेत आणि पाचही जण अध्यक्ष होऊन गेले आहेत. दर रविवारी सकाळी एक जण वाचतो आणि चौघे डोळे मिटून रसग्रहण करतात. त्यातल्या दोघांचं रसग्रहण बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतं. मागच्या दिवाळीत या थोर संस्थेने ठराव केला, की संक्रांतीपर्यंत प्रत्येकाने तीस हजार शब्द लिहायचे. जो लिहिणार नाही त्याने बाकीच्यांना दराबा आणि मावा जिलेबी खाऊ घालायची. मी ताडकन उभा राहिलो आणि कादंबरी जाहीर केली. मला कोणी विचारलंही नव्हतं.

माझा नायक पहिल्या पानावर गच्चीत उभा राहून असीरगडाकडे बघू लागला. चार हजार शब्द झाले तरी बघतच होता. गड हलेना आणि हा गाढवही हलेना.

तेवढ्यात माझ्या भाचीची फाइल आली. ती पुण्याला शेतीत संशोधन करते. केळीला घातलेल्या युरियातून कोणते हरितगृह वायू किती सुटतात, हा तिचा विषय. तीन वर्षांची मेहनत होती आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात प्रबंध द्यायचा होता. फोनवर म्हणाली, "मामा, गावांची नावं आणि शेतकऱ्यांची बोली बरोबर लिहिलीय का, तेवढं तपास. तुझ्या भरवशावर सोडतेय."

मी तपासलं नाही. उचललं.

नायकाला मी रातोरात शास्त्रज्ञ केलं. नायिका तापीच्या घाटावर त्याला म्हणते, "तुमच्या मनात काय आहे?" यावर तो तिला कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड सविस्तर समजावून सांगतो. सहा पानं! मध्ये ती फक्त "मग?" म्हणते. अशी सोशिक नायिका मराठीत दुसरी नसेल. रोज सकाळी चहाआधी मी हजार शब्द चिकटवायचो आणि दिवसभर प्रतिभावंतासारखा थकून बसायचो.

फाइलच्या शेवटी बारा शेतकऱ्यांची उत्तरं होती. त्यांनी सांगितलेल्या युरियावरच तिचा सगळा हिशेब उभा होता. त्यातल्या सातव्याने तर मला गारच केलं. तो म्हणाला होता, "जमीनसुद्धा श्वास घेते, बेटी. युरिया जास्त झाला की तिला धाप लागते." आपल्या मातीतला माणूस काय बोलून जातो, म्हणून मी डोळे पुसले आणि त्याच्यावर अख्खं प्रकरण रचलं.

ते प्रकरण रविवारी मंडळात वाचलं. आमचे एक सभासद निंबोल्याचे केळीवाले आहेत. ते एकदम जागे झाले.

"थांब भाऊ. हे कोण बोललं?"

"निंबोल्याचाच शेतकरी. संशोधनातला आहे, खराखुरा. क्रमांक सात."

"सात नंबर तर मी होतो! तुझ्या भाचीने आदल्या दिवशी फोनवर यादी वाचली तेव्हा माझ्याच नावापुढे सात होता. पण तुम्ही दोघं आलात त्या दिवशी मोटर जळाली म्हणून मी तर शहरात आलो होतो. मग हे बोललं कोण?"

मी बोललो होतो.

मी ज्या कचेरीत आहे, तिथे लोकांचे फॉर्म आम्हीच भरतो. माणूस समोर दिसला की त्याचं वय, शेती, अडचण आम्हाला आपोआप कळते. त्याला विचारण्यात वेळ कोण घालवणार? पावसाळ्यात भाचीला घेऊन मी निंबोल्याला गेलो, तर केळीचे ट्रक भरायची घाई चाललेली. कोणाला बोलायला सवड नव्हती. प्रश्नांचे फॉर्म माझ्या हाती देऊन ती बांधावर मातीचे नमुने घेत होती. मी लिंबाखाली बसलो, चहा मागवला आणि एका बैठकीत बारापैकी नऊ फॉर्म भरून टाकले. युरियाचा आकडा सरकारी पत्रकातला घातला. बोलायच्या रकान्यात मन लावून बोललो. आणि चार महिन्यांनी स्वतःचीच थाप वाचून स्वतःच रडलो!

केळीवाल्यांनी आकडा विचारला. मी सांगितला.

"एवढ्याशा युरियात? यार, एवढा तर आम्ही सांडतो."

मंडळ एका आवाजात म्हणालं, "कोणाला कळणार आहे? जाऊ दे प्रबंध पुढे." एकाही कवितेवर कधी एकमत न झालेले हे चौघे थापेसाठी मात्र एका क्षणात एक झाले. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. पण पोरगी तो प्रबंध घेऊन परीक्षकांपुढे उभी राहणार होती, आणि तिच्या तोंडून बोलणार होतो मी. मी फोन लावला.

लिंबाखालचं सगळं सांगून टाकलं. मग, "नऊ, मामा?"

"नऊ."

"उरलेले तीन तरी का सोडलेस? चहा संपला?"

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या खिशातलं पेन काढून तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. तीन दिवस मी तिच्यामागून बाटली घेऊन फिरलो. काही विचारलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे. ती म्हणायची, "त्यांच्याकडे नका बघू, ते मुके आहेत." आमचे केळीवाले जाहीरपणे खदखदून हसले. मग त्यांनी खरा आकडा सांगितला. पत्रकाच्या बराच वर होता. "सगळेच जास्त घालतात. लिही," एवढंच त्यांचं निवेदन. श्वास नाही, धाप नाही.

तिचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. मार्गदर्शकांकडून तिने महिनाभराची मुदत मागून घेतली. बोलणी कोणाची खाल्ली ते तिने मला सांगितलं नाही. मग प्रबंध सादर झाला.

माझ्या कादंबरीतून तिने आपलं एकेक वाक्य काढून घेतलं. चार हजार शब्द उरले. नायक पुन्हा गच्चीत गेला. संक्रांतीला मंडळाने माझा दराबा असा हाणला, की वर्षभरातलं पहिलंच अस्सल रसग्रहण झालं.

त्याआधी, ती पुण्याला परत निघाली तेव्हा मी तिला हळूच विचारलं होतं, "तो जुना सात नंबर मी ठेवू का गं? वाक्य चांगलं आहे."

"ठेव ना. कादंबरीच आहे," तिने पेन परत दिलं. "पण त्या सात नंबरला कचेरीत बसव. शेतात नको."