चौदा किलोंत समुद्र

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसलेल्या या गृहस्थांना सगळे तोळाभाऊ म्हणत. पार्सल पाच ग्रॅमने जड भरलं तरी ते परत सरकवत. मग माणसाने रांगेतच दोरी सोडावी आणि भाच्याला पाठवायच्या मोज्यांपैकी एक जोडी खिशात घालावी. माणूस सज्जन, पण काट्यापुढे सख्ख्या भावालाही सूट नाही.

किनाऱ्यावरची झाडून सगळी गावं त्यांना तोंडपाठ होती. कुठलं किती लांब, किलोला दर काय, पार्सल कितव्या दिवशी पोचतं. समुद्र तेवढा पाहायचा राहिला होता. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत हृदयाने हिसका दाखवला, आणि हॉस्पिटलच्या छताकडे बघत तोळाभाऊंनी ठरवलं: सायकलने किनारा धरून जायचं. नऊशे किलोमीटर, बावीस दिवस, मुक्काम तंबूत. वर्षभर रोज सायकल मारून दाखवली तेव्हा डॉक्टरांनी कशीबशी मान हलवली. “गोळ्या मात्र चुकवू नका.”

राहिली बायको. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिने परीक्षाच घेतली.

“सात दिवस गच्चीवर तंबूत राहायचं. रांधणं तुमचं, धुणं तुमचं, गोळ्या तुमच्या. मी आठवण करून देणार नाही. आठव्या दिवशी धडधाकट खाली आलात तर खुशाल जा.”

“आणि नाही आलो तर?”

“तर सायकल भंगारात आणि तुम्ही घरात.”

सामानाची मर्यादा चौदा किलो, ही तोळाभाऊंनी स्वतःवरच घातलेली. निवृत्तीच्या वेळी कचेरीने भेट दिलेला खिडकीतला जुना काटा त्यांनी गच्चीवर मांडला. दात घासायच्या ब्रशाची दांडी अर्धी कापली. कपड्यांची लेबलं उसवली. नकाशातला निळा भाग कात्रीने काढून टाकला, कारण तिकडे सायकल जाणार नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालणारी तिसऱ्या मजल्यावरची सून हे सगळं मन लावून बघत असे.

“काका, मिशीपण उतरवा. चार ग्रॅम वाचतील.”

“मिशी अंगाच्या खात्यात जाते,” तोळाभाऊ गंभीरपणे म्हणाले. “अंगाचं वजन वेगळं धरतात.”

एवढं करूनही तीस ग्रॅम जास्तच भरत होते. नजर गोळ्यांवर गेली. पाच प्रकारच्या गोळ्या, आणि त्यांची ती चकाकणारी पाकिटं. त्यांनी एकेक गोळी दाबून बाहेर काढली, सगळ्या एका डबीत भरल्या आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकली. अडतीस ग्रॅम वाचले. काटा चौदाच्या खाली आला. त्या आनंदात परीक्षा सुरू झाली.

तीन गोळ्या रंगावरून कळत. प्रेशरची आणि साखरेची मात्र दोन्ही पांढऱ्या, गोल, एकाच मापाच्या. फरक एवढाच की साखरेच्या गोळीवर मधोमध रेघ होती. तोळाभाऊ रोज सकाळी लादलेली सायकल मैदानावर फिरवत, आणि डबीत गोळ्या एकमेकींवर घासत. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर तळाला पांढरी पूड, आणि रेघ एकीवरही नाही.

खालच्या औषधांच्या दुकानात बायकोचा मावसभाऊ बसे. त्याला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं, आणि तिसऱ्या मिनिटाला बायकोलाही. म्हणजे समुद्र गेला.

तोळाभाऊंनी मग आयुष्यभर जे केलं तेच केलं. एक गोळी काट्यावर ठेवली. शून्य. दुसरी ठेवली. शून्य. ज्याच्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती, तो काटा ग्रॅमच्या खाली बोलतच नव्हता. दहा एकदम ठेवल्या तर आकडा येई, पण कुठल्या दहा हे ठरवायला आधी त्या ओळखता यायला हव्या होत्या.

तेव्हापासून ते रोज अंदाजाने दोन पांढऱ्या घेऊ लागले. एक ही, एक ती, निदान असावी.

संध्याकाळी बायको जिन्यातून हाक मारी. “अहो, बरे आहात ना?”

“ठणठणीत!”

सहाव्या दिवशी हात थरथरले, दरदरून घाम फुटला. त्यांनी तो उन्हाच्या नावावर टाकला.

सातव्या दिवशी शेवटची फेरी. बायको मैदानाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. तिसऱ्या वळणावर सायकलचं हँडल डावीकडे गेलं आणि तोळाभाऊ त्याच्यामागून गेले. खुबा मोडला. रक्तातली साखर इतकी उतरली होती की डॉक्टरांनी आकडा दोनदा तपासला.

“कुठली गोळी किती घेत होते?”

बायकोने सायकलवरच्या सामानातून डबी काढून आणली. डॉक्टरांनी ती तळहातावर ओतली, पण पांढऱ्यांतली कुठली कशाची ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी मावसभावाने भिंग लावून निवडल्या. साखरेच्या जास्त गेल्या होत्या, प्रेशरच्या कमी.

चार दिवसांनी तिने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

‘आत्ताच’ म्हणता आलं असतं.

“चौथ्या दिवशी.”

“म्हणजे मी जिन्यातून विचारत होते तेव्हा.”

“हो.”

ती भांडली नाही. सायकलचा, समुद्राचा विषयच तिने काढला नाही. सळई घातलेल्या पायापुढे नाही म्हणायची गरजच उरली नव्हती. तिने पिशवीतून नवीन पाकिटं काढली, प्रत्येक नाव वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, पाकिटं फोडून दोन गोळ्या काढल्या.

“तोंड उघडा.”

तोळाभाऊंनी उघडलं.

“गिळा.”

त्यांनी गिळल्या. ती तिथेच उभी राहिली.

“आता जीभ दाखवा.”