निलवंत आणि वाघळं

निलवंत आणि वाघूळ, दोघंही काळे. निलवंताच्या मागच्या पंखांवर निळं असतं, म्हणून तो राज्याचं फुलपाखरू. वाघळाच्या मानेवर तांबूस लव असते, पण उलट्या टांगलेल्याचं तोंड बघतंय कोण! निलवंताच्या अळ्या आमचं लिंबाचं झाड दरवर्षी बोडकं करतात. वाघळं जांभळं खातात आणि बिया रानभर टाकतात. तरी लाड कुणाचे होतात ते सांगायला नको.

मी रोह्याची, लग्न होऊन जोह्यात आले. सासरी गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे आखायचे, रंगाचा शेवटचा हात द्यायचा, हे काम माझं. कारखान्यामागे चिंच होती, सासूबाईंनी नवी नवरी असताना लावलेली, आणि तिच्यावर वाघळांची वस्ती.

गेल्या मे महिन्यात एक निलवंत मूर्तीच्या ओल्या पितांबरावर येऊन बसला. पंखांची भुकटी पिवळ्या रंगाला चिकटली. सगळे कामं सोडून मोबाईल काढून उभे. "हलवू नका रे, देवाकडं आलाय," थोरले दीर म्हणाले. तो उडाल्यावर मी ब्रश फिरवून रंग सारखा केला. कुणी चकार शब्द काढला नाही.

चार दिवसांनी एक मूर्ती मी मागे चिंचेजवळ उन्हात वाळायला ठेवली आणि संध्याकाळी आत घ्यायला विसरले. सकाळी तिच्या खांद्यावर जांभळा ओघळ. ओल्या फडक्याने पुसला, वरून पांढरा हात दिला, झालं. तेवढ्यात दीर आले. "बाहेर कुणी ठेवली ही?" कामगारांसमोर असा आवाज चढवला की माझं टाळकंच फिरलं.

"बाहेर ठेवलेली दिसते, वाघळं नाय दिसत? अख्खा दिवस जाणार माझा हिच्यापायी!" मी ठोकून दिलं.

दीर चिंचेकडे बघत राहिले. सासूबाई मागच्या ओट्यावर चहा पीत होत्या. "आई, तोडायची काय?" दिरांनी विचारलं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "तिचा दिवस जात असेल तर तोडा."

आठवड्याने चिंच तोडायला कटरवाला आला. भर दुपारी वाघळं रिकाम्या भातशेतांवर घिरट्या घालत राहिली. एका मादीच्या पोटाशी पिल्लू होतं. ती दोनदा त्याच जागी परत आली, तिथे फांदी नव्हती. मी खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा डोळे आखायला बसले.

हात काही चालेना. शेवटी उठून सासूबाईंकडे गेले. "आई, मी खोटं बोलले. दिवसबिवस गेला नव्हता."

"ठाऊक हाय. माझ्यासमोरच तर पुसलंस."

लाजेने मला वर बघवेना. "मग तेव्हा बोललात का नाय?"

"चार माणसांत सुनेला खोटी पाडू काय गो?"