कोरडा न चालणारा पंप

ज्या प्रोग्रामची अचूकता सिद्ध झाली आहे, तो माणसाला काळजीतून कायमचा मुक्त करतो. हे वाक्य मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सभेत उच्चारलं, आणि मग वडे आले.

अंधेरीच्या ऑफिसात मी थेट यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामांसाठी एक भाषा घडवतो. तिच्यात टाइप, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा ठरवून दिलेला प्रकार, हे नुसतं लेबल नसतं, अट असते. अट पुरी झाल्याचा पुरावा नसेल तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा भाग, प्रोग्राम तयारच करत नाही. खालची टाकी रिकामी असताना चालून सोसायटीचा पंप जळला होता, तेव्हा मी आपणहून पुढे सरसावलो आणि नव्या पंपाचा प्रोग्राम याच भाषेत लिहिला. टाकी भरली की एक परवाना मिळणार, त्याशिवाय पंप सुरू होणार नाही, आणि परवाना एकदाच वापरता येणार. माणसाच्या हाताला वाव नको म्हणून जुनं बटणही मी काढायला लावलं.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. त्या सकाळी पंप सुरू झाला आणि लगेच वीज गेली. वीज परत आली, पंप थंडच. परवाना वापरून झाला होता. नवा मिळायला टाकी रिकामी होऊन पुन्हा भरायला हवी, आणि ती तर भरलेलीच होती.

मी लॅपटॉप घेऊन पंपाच्या खोलीत बसलो. घाईघाईने केलेली प्रत्येक दुरुस्ती कंपायलरने नाकारली: परवाना आधीच वापरला आहे. हा संदेश मीच लिहिला होता, भाषा सौम्य ठेवून. वर मुलाकडची मंडळी येऊन बसली होती. काकू पैठणी सावरत खाली आल्या.

"अरे, टाकीत पाणी आहे ना?"

"आहे, काकू."

"पंप बिघडलाय?"

"नाही."

"मग अडवलंय कोणी?"

उत्तर मला येत होतं. मी लॅपटॉप मिटला, टाकीचं झाकण उघडलं आणि बादली बुडवली. लिफ्ट पाहुण्यांसाठी होती, म्हणून जिन्याने गेलो. दारात मुलाच्या वडिलांनी हे कोण, असं विचारलं.

"आमच्याकडे पाण्याचं हाच बघतो," काकू म्हणाल्या.

मी मान खाली घालून बादली आत ठेवली आणि पुढची आणायला वळलो. दुपारी सेक्रेटरींनी इलेक्ट्रिशियनकडून बटण पुन्हा बसवून घेतलं.

निदान चूक तरी सापडावी म्हणून मी पंपाच्या प्रोग्रामची ती सिद्धता पुन्हा तपासली. सापडली नाही. पंप कोरडा चालणार नाही, एवढंच तिच्यात म्हटलं होतं, आणि त्या दिवशी तो कोरडा चालला नाही.