बारामतीला हॉकी बघायला गेले तेव्हा

आम्ही बारामतीच्या कॉलेजच्या हॉकी टीममधल्या बायका भेटलो की किस्से निघतातच. मी जर्मनीला राहते, त्यामुळं माझ्या वाटणीचे सगळे सुट्टीतच साठतात. यंदाचे तर एकाच दिवसातले. ऐकणारे हसतात. मला अजून जमलेलं नाही.

*

सकाळी माहेराहून, निरवांगीहून निघाले. चुलते, आमचे तात्या, ओट्यावर बसले होते. कुठं निघालीस म्हणून विचारलं. हॉकीची मॅच बघायला, म्हटलं.

"ते बर्फावरचं का? टीव्हीवर दावत्यात."

म्हटलं, नाही, मैदानावरचं. मी खेळायचे ते. तात्यांनी जरा आठवून बघितलं.

"तू खेळायचीस व्हय?"

कॉलेजची सगळी वर्षं माझी स्टिक त्यांच्याच खोलीच्या दाराआड असायची. दार लोटलं की त्यांच्या पायावर पडायची.

*

मैदानावर पोचले तर मॅच सुरूच नाही. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं आणि मांडववाल्यानं खिळे तसेच टाकलेले. दोन्ही टीमच्या मुली ओणव्या होऊन खिळे वेचत होत्या. मी त्यांच्या सरांकडं बघितलं, तर ते म्हणाले, "बरंच झालं मॅडम, वॉर्म-अप झाला."

*

आमच्या वेळची गोलकीपर वनिता घरी मोरगावला दर्शनाला जाते म्हणून सांगून आली होती. मॅच म्हटलं असतं तर सासरच्यांनी सोडलंच नसतं. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं, म्हणून तोंडावर पदर ओढून बसली. बारामतीच्या मुलींनी गोल मारला आणि ही बाकावर उभी राहून ओरडली. पदर कुठल्या कुठं गेला.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत नवऱ्याकडं पोचला. जेवायला बसल्यावर तो आईला म्हणाला, "आई, सुनंला मोरगावचा प्रसाद माग की."

हे वनितानंच मला फोनवर सांगितलं. आता तिला फोन केला की सासू उचलते.

*

त्याच मॅचचा हाफ टाइम. प्रमुख पाहुणे आले आणि संयोजकांनी सत्काराला माइकवर माझं नाव पुकारलं, "जर्मनीहून खास आलेल्या, आपल्या माजी कॅप्टन." मी कधीच कॅप्टन नव्हते. बहुतेक मॅच मी बाकावर बसून बघितल्या.

कॅप्टन होती सुमन. राज्याच्या टीममध्ये तिची निवड झाली आणि घरच्यांनी त्याच महिन्यात लग्न लावून दिलं. आता लोणी देवकरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. मॅचसाठी रजा टाकून आली होती. स्टेजवर मदतीला कुणी बाई हवी होती, म्हणून संयोजकांनी तिच्याच हातात शालींचं ताट दिलेलं.

मी माइकवरूनच सांगितलं, कॅप्टन ह्या आहेत, शाल ह्यांना द्या. पाहुणे गोंधळले. संयोजकांनी माइक बाजूला घेतला आणि मला समजावल्यासारखं म्हणाले,

"ताई, त्या हितल्याच हायत. त्यांचा सत्कार कवाबी करू."

सुमननं ताट पाहुण्यांपुढं धरलं.