गाव कुठलं लिहायचं

वैशाली घरतच्या घरात बारा महिने वाल असतात. डब्यात असतात, डब्याच्या मागे पिशवीत असतात, एकदा तर मुलीच्या जुन्या दप्तरात किलोभर निघाले. पेणच्या रामवाडीतल्या त्या दोन खोल्यांत आलेला पाहुणा बिरडं खाल्ल्याशिवाय परत जात नाही. आई गोदूबाई संध्याकाळी दारातच विचारते, "आज कोनाच्या घरचं वाल आनलंस गो?"

गोदूबाईचा जन्म खाडीकाठी, मिठागरात गेला. तिच्या मते वाल हे वरच्या गावांतल्या लोकांचं खाणं. लेकीला त्याचा एवढा नाद का, हे तिला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

तो नाद नव्हता, ती कामाची रीत होती. वैशाली कर्करोगाच्या नोंदणीत काम करते. पेण, रोहा आणि आसपासच्या गावांत कुणाला हा आजार झाला, शरीराच्या कोणत्या भागाला झाला, कधी सापडला, याची विचारपूस करत ती हिंडते. अशी सगळीकडची माहिती गोळा झाली की कुठल्या भागात कोणता कॅन्सर वाढतोय ते कळतं. ऐकायला सरळ वाटतं. पण गावात त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. ‘तिला तसलं निघालं’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात. घरात लग्नाची मुलगी असली तर तेवढंही म्हणत नाहीत. पहिल्या वर्षी वैशाली थेट त्या-त्या घरी जायची. मग तिच्या ध्यानात आलं, की ती ज्या दारात उभी राहते त्या दाराकडे शेजारणी वळून बघतात. तेव्हापासून ती आधी दुसऱ्याच दोन-तीन घरी जाते, वाल आहेत का विचारते, भाव करते, पाणी पिते. हव्या त्या घरीही ती वालांसाठीच गेलेली असते. सोलायला घेतलेल्या वालांच्या परातीशेजारी बसलं की बायका आपसूक बोलतात. हात चालत असले की जीभ मोकळी होते.

म्हणूनच त्या माघात रोह्याजवळच्या वरसेला जे घडलं त्यानं ती गडबडली. रोह्याला एसटीतून उतरून, रिक्षानं नव्या इमारती ओलांडून ती मागच्या जुन्या वस्तीत शिरली, पहिल्या घरी वालांची चौकशी करू लागली, तेवढ्यात समोरच्या ओटीवरून कुणीतरी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं,

"ओ कॅन्सरवाल्या बाई! तिकडं काय करताय? मला झालाय, इकडं या!"

हे गुणाजी. साठी उलटलेले, गळ्याभोवती मफलर, जिभेवर उपचार झाल्यानं बोलणं जरा जड. वैशाली त्यांच्यासाठीच आली होती आणि दवाखान्यातून त्यांना ते आधीच कळलं होतं. मुंबईच्या इस्पितळाच्या कागदांत त्यांचा पत्ता भांडुपचा होता आणि रोह्याच्या दवाखान्यात वरसेचा. माणूस एक, पत्ते दोन. कोणता खरा, ते तिला ठरवायचं होतं.

"बस पोरी. लिही. गुणाजी, गाव वरसे."

"काका, हळू बोला. लोक ऐकतात."

"ऐकू देत की. चोरी केलीय का मी?"

आतून त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, सरूवहिनी, भिजलेल्या वालांची परात घेऊन बाहेर आली. तिच्यामागोमाग ग्रामपंचायतीचा सदस्य मिथुन चप्पल फटफटवत येऊन टेकला. मिथुन हुशार पोरगा. गावात आजारी माणसं जास्त दिसली तर तपासणीची गाडी येईल, असं त्याचं गणित होतं.

"लिवा ताई, एक वाढला आमचा," तो म्हणाला.

"काका, तुम्ही गावाला कधी आलात राहायला?"

"दोन वर्षं झाली."

"मुंबई सोडून?"

"कधीच सोडली. चाळीस वर्षं मशीद बंदरला गोदामात माल मोजला, पण दर शिमग्याला इथं. होळीला माझा हात लागला नाय असं एकही वर्स नाय. विचार वहिनीला."

सरूवहिनीनं वालाचं साल काढलं, दाणा परातीत टाकला आणि मान न उचलता म्हणाली, "व्हय. दोन वर्सं झाली भावोजींना."

"लिवा, लिवा," मिथुन म्हणाला.

वैशालीनं लिहिलं नाही. नियम साधा होता. आजार सापडायच्या आधी वर्षभर माणूस जिथं राहत होता, ते त्याचं गाव. गुणाजींचा आजार श्रावणात सापडला होता. ते खरंच दोन वर्षं इथं असतील तर वरसे, नसतील तर मुंबई.

"वाल तुमच्याच शेतातले का?" तिनं सवयीनं विचारलं.

त्यावर गुणाजी उठलेच. "चल, दाखवतो. हे बघ, इथून बांधानं गेलं की पाच मिनिटं." आजारपणामुळे ओटीवरून फारसा न हलणारा माणूस काठी घेऊन निघाला. चालताना तर त्यांना बळच आलं. इथे जांभूळ होतं, इथे आम्ही खेकडे धरायचो, हा बांध आमच्या आज्यानं घातला. वैशाली मागून ऐकत होती. वाट वळली, आणि गुणाजी थांबले.

समोर भिंत होती. पिवळी, पुरुषभर उंचीची, वर काचा लावलेली. आत चार मजली इमारतीवर कपडे वाळत होते. बांध भिंतीच्या पोटात गेला होता.

गुणाजींनी काठी भिंतीला टेकवली. नुसते बघत राहिले.

मागून सरूवहिनी धापा टाकत आली. "भावोजी, तिकडून नाय! गेल्या वैशाखातच भिंत घातली की त्यांनी. आता पलीकडच्या सडकेनं..." आणि आपण काय बोललो ते कळून तिनं पदर तोंडाला लावला.

दोन वर्षं गावात असलेल्या माणसाला ती भिंत ठाऊक असती. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"दिवाळीनंतर आलो," गुणाजी शेवटी म्हणाले. "पोरगा म्हणाला, बाबा, खोली लहान आहे, गावी हवा चांगली. खोटं नाय ते. हवा चांगली आहे." मग काठी उचलत, "तिकडं चाळीस वर्षं सगळे मला गाववाला म्हणायचे. इथं पोरं मुंबईवाले आजोबा म्हणतात. म्हटलं, कुठंतरी एकदा लिहिलेलं असावं. सरकारी."

वैशालीच्या हातात पेन होतं. ‘वरसे’ लिहायला काही जड नव्हतं. तिनं काय लिहिलं ते कोण तपासायला येणार होतं?

"काका," ती म्हणाली, "माझी आई मिठागरातली. खाडीचं पाणी सगळ्या वाफ्यांत फिरतं. पण मीठ ज्या वाफ्यात धरतं त्या वाफ्याचं म्हणतात. तुमचा आजार तिकडं धरला. मी मुंबई लिहिणार."

गुणाजींचा चेहरा उतरला. भरल्या ताटावरून उठवल्यासारखे ते दिसले.

मिथुन तोवर पोचला होता. "एका माणसानं काय बिघडणार होतं हो, ताई?"

"मिथुनदादा, सगळ्या गावांतले चाकरमानी दुखणं घेऊन घरी येतात. ते सगळे मी इथं लिहिले तर दिसेल, की रोह्यात राहिलं की माणूस आजारी पडतो आणि मुंबईत सगळं झकास आहे. मग डॉक्टर कारण शोधायला भलत्या ठिकाणी जातील. गाडी यायला हवी, मी पण सांगते वर. पण खऱ्या आकड्यावर येऊ दे."

मिथुन डोकं खाजवत राहिला. त्याला पटलं की नाही, ते कळलं नाही.

"म्हणजे मी इथला नाय," गुणाजी म्हणाले.

"तसं नाही हो. आजाराचं गाव एकदाच लिहितात. पण माणसाची चौकशी दरवर्षी करतात. आहे का, जेवतो का, हिंडतो का. ती जिथं माणूस राहतो तिथं करतात. तुमची चौकशी करायला मी भांडुपला नाही जाणार. इथं येणार."

गुणाजींनी तिच्याकडे पाहिलं. "दरवर्षी?"

"दरवर्षी."

"म्हणजे दुखणं मुंबईचं, आणि मी वरसेचा."

"तुम्ही असाल तोवर."

"असेन की!" ते एवढ्या ठसक्यात म्हणाले, की सरूवहिनी पदराआड हसली. "ऐका! आताच कांजी गिळताना डोळ्यांत पानी आलं होतं यांच्या."

त्या संध्याकाळी वैशालीनं आईला हे सांगितलं. गोदूबाई ऐकून म्हणाली, "म्हातारा खमक्या हाय म्हनायचा पन." आणि न कुरकुरता वाल भिजत घातले.

पुढच्या माघात ती पुन्हा वरसेला गेली. या वेळी आधी कुणाच्या घरी थांबली नाही. गुणाजी आणखी वाळले होते, मफलर सैल झाला होता. पण खळ्यात सुपानं वाल पाखडत ते उन्हात बसले होते.

"कसे आहात काका?"

"लिही. हाय."

तिनं लिहिलं. खाताना त्रास होतो का, तपासणीला जाऊन आले का, ते विचारलं. मग पैसे काढून एक किलो मागितले, तेव्हा ते रागावलेच. "माझ्या हातचं पेरलेलं तू विकत घेणार? चल, आधी शेत बघ."

ते पुढे निघाले, ती मागून. आता ते जांभळाची गोष्ट सांगत नव्हते. पाखरं फार झालीत, शेंगा राखाव्या लागतात, अशी तक्रार चालली होती. पिवळी भिंत आली. गुणाजी भिंतीकडे न बघता, बोलता-बोलताच सडकेला वळले.